व्हीएनस्टॅट संगणकाबरोबर आपोआप सुरू करण्यापूर्वीची तयारी

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर महिन्याला किती डेटा खर्च होतो हे मोजण्यासाठी व्हीएनस्टॅट बसवायचे असेल, तर आधी त्याची मर्यादा समजून घ्यावी. हा प्रोग्रॅम पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, उघडून पाहत नाही. प्रत्येक इंटरफेसवरून (वाय-फाय, केबल अशा नेटवर्क जोडणीवरून) आल्या-गेल्या बाइटची जी मोजणी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ठेवतो, तीच तो ठरावीक अंतराने वाचतो. म्हणून तो हलका आहे, आणि म्हणूनच डेटा कोणत्या अ‍ॅपने संपवला हे तो सांगू शकत नाही. तेच हवे असल्यास नेटहॉग्ज हा दुसरा प्रोग्रॅम पाहावा.

त्यानंतर घड्याळ तपासावे. रास्पबेरी पाय ४ या छोट्या एकबोर्डी संगणकामध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसल्यामुळे वीज गेल्यानंतर बोर्ड जुनीच वेळ धरून उठतो, आणि व्हीएनस्टॅटच्या नोंदवहीतील (डेटाबेसमधील) शेवटची नोंद भविष्यातील वाटल्याने त्याची मागे चालणारी सेवा वेळ जुळण्याची वाट पाहत राहते. वेळ इंटरनेटवरून जुळवणारी सेवा चालू आहे याची खात्री आधीच करावी.

व्हीएनस्टॅटची सेवा पहिल्यांदा सुरू होते तेव्हा उपलब्ध इंटरफेस स्वतःच नोंदवते. नंतर जोडलेले डोंगल मात्र मूळ सेटिंगमध्ये आपोआप घेतले जात नाही, म्हणून ते आधीच लावून ठेवावे. बिलाचे चक्र १ तारखेला सुरू होत नसेल, तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘मंथरोटेट’ (महिना कोणत्या तारखेला सुरू धरायचा ती सेटिंग) याला योग्य तारीख द्यावी. नोंदी मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी डिस्कवर जातात; अचानक वीज गेल्यास तेवढ्या काळाची मोजणी बुडू शकते, हे गृहीत धरावे.

जुन्या संगणकावरची नोंदवही आणायची असल्यास फाइलची मालकी जरूर पाहावी. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून कॉपी केलेली फाइल रूटच्याच नावे राहते, सेवा मात्र ‘व्हीएनस्टॅट’ या वेगळ्या युजरच्या नावे चालते आणि तिला त्या फाइलमध्ये लिहिता येत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ याच शोधात गेली.

शेवटी, सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘स्टार्ट’ म्हणजे आत्ता सुरू करणे आणि ‘इनेबल’ म्हणजे दर वेळी बूट होताना सुरू करणे, हा भेद विसरू नये; दोन्ही आज्ञा द्याव्यात, संगणक खरोखर रीस्टार्ट करावा आणि लॉगिन केल्यावर हाताने काहीही सुरू न करता, दहा मिनिटांनी आकडे वाढले आहेत का, ते पाहावे.