भाड्याच्या इमारतीचा गुंतवणूक प्रस्ताव: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

वणी, वरोरा, हिंगणघाट यांसारख्या तालुक्याच्या गावी आठ-दहा सदनिकांची भाड्याची इमारत उभी करायची म्हटले, की पैसा लावणारे बहुधा निवृत्त शिक्षक, डॉक्टर किंवा गाठीशी चार पैसे असलेले कास्तकार असतात. त्यांच्यासाठी प्रस्ताव तयार करण्याचे काम मी करत आलो आहे. नवागतांना माझे पहिले सांगणे असे की, इमारतीचे रंगीत चित्र शेवटी जोडावे आणि आरंभी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब द्यावा.

उदाहरणादाखल, आठ सदनिकांचे प्रत्येकी 6,000 रुपये मासिक भाडे धरले, तर वर्षाचे 5,76,000 रुपये होतात. भाडेकरू नोकरदारांच्या बदल्या होतात, सदनिका रिकाम्या राहतात. म्हणून एका महिन्याचे 48,000 रुपये वजा करावेत. मालमत्ता कर, मोटारपंप, जिन्यातले दिवे, रंगरंगोटी, चौकीदार यांसाठी 1,08,000 रुपये धरल्यास 4,20,000 उरतात. जमिनीसह खर्च 70 लाख असेल, तर हा परतावा 6 टक्के झाला. अशा वेळी बँकेचे कर्ज 9 टक्क्यांनी घेतले, तर कर्जाचा वाटा वाढेल तसा भागीदारांच्या हाती येणारा पैसा घटतो, हे स्वच्छ शब्दांत लिहावे. जमिनीचा भाव वाढण्याची अपेक्षा या तक्त्यात मिसळू नये. तिला वेगळा परिच्छेद द्यावा.

एका बैठकीत एका गुरुजींनी कागद बाजूला ठेवून विचारले, "मे महिन्यात आठ कूलरना पाणी कुठून आणाल?" प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून बोअरची खोली, टाकीची क्षमता आणि उन्हाळ्यातील टँकरचा खर्च मी प्रत्येक प्रस्तावात स्वतंत्र नोंदवतो.

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, जमिनीच्या अकृषक (बिगरशेती) वापराचा कागद आणि मंजूर नकाशा सोबत जोडावेत. भूखंड नझूलचा (गावठाण-शहरातील सरकारी जमिनीचा) असल्यास भाडेपट्ट्याची मुदत, आणि जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (हस्तांतरणावर सरकारी बंधने असलेली) असल्यास हस्तांतरणाच्या अटी आधी तपासाव्यात. भाडेकरूंशी होणारे करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार लेखी व नोंदणीकृत असावे लागतात. तो खर्चही हिशेबात यावा.

निश्चित परताव्याचे वचन देऊन गावभरातून पैसे गोळा करू नयेत. 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याचा प्रश्न तेथे उभा राहू शकतो. 1932 च्या कायद्याखालील भागीदारीत प्रत्येकाची जबाबदारी अमर्याद असते, तर 2008 च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीत (एलएलपी) ती सामान्यतः गुंतवणुकीपुरती राहते. कोणता मार्ग घ्यायचा ते सनदी लेखापालाला विचारून ठरवावे, आणि एखाद्या भागीदाराला बाहेर पडायचे असल्यास त्याच्या हिश्श्याचे मूल्य कोण व कसे ठरवणार, हे सह्या होण्यापूर्वीच करारात लिहून घ्यावे.