नागपूरहून चिखलदऱ्याला स्वतःची गाडी नेताना

नागपुरात गाडी शिकलेल्याला घाट माहीत नसतो. वर्धा रोड असो की अमरावती रोड, सगळं सपाट. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि चिखलदरा १,११८ मीटरवर. हा जवळजवळ सगळा चढ परतवाड्याच्या पुढे शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये येतो. चढताना फारसं बिघडत नाही. खरी काळजी उतरताना घ्यायची.

एकूण अंतर साधारण २३० किलोमीटर. पहाटे साडेपाचला नागपूरच्या टोकाचं वाडी सोडलं की कोंढाळी, तळेगाव, तिवसा, मोझरी करत अमरावती येते. तिथून वलगाव, आसेगावमार्गे परतवाडा. टाकी परतवाड्यातच भरा, टायरची हवा मात्र निघण्याआधी टायर थंड असतानाच तपासा. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. पाच माणसं आणि सामान असेल तर त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा घ्या. पुढे धामणगाव गढीची वाट जवळची, घटांगची लांबची पण जंगलातली.

ब्रेक ऑइलची तपासणी मात्र निघण्याच्या आठवडाभर आधी नागपुरातच करून घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा मुरला की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, म्हणून पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. हा खर्च टाळू नका.

चढताना दुसरा गिअर, वळण अगदी आवळ असेल तर पहिला. इंजिन गुरगुरायला लागेपर्यंत वाट पाहू नका, आधीच गिअर खाली घ्या. सीएनजीची गाडी भरलेली असेल तर घाटापुरती पेट्रोलवर टाका, ताकद बरी मिळते. तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद करून बाजूला थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

उतरताना साधा नियम: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनच्या जोरावर धरली जाते आणि ब्रेक मदतीला राहतो. ऑटोमॅटिक गाडीत एल (लो) किंवा मॅन्युअलचा २ निवडा. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. दोन-तीन सेकंद ठाम दाबा, वेग उतरला की सोडा, म्हणजे ब्रेकच्या डिस्कला निवायला वेळ मिळतो. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून कधीच उतरू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

जळका वास आला तर पुढच्या रुंद जागेवर, डोंगराच्या बाजूला थांबा. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. पॅडल मऊ लागलंच तर भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तसाच आहे. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या आणि डावी बाजू सोडू नका. वळण कापायची सवय सपाट रस्त्यावर खपते, इथे समोरून एसटी येते.

पावसाळ्यात धुकं काचेच्या दोन्ही बाजूंनी येतं. आतून साचणारं घालवायला एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडा. दिवे लो बीमवर ठेवा. हाय बीम धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर लावून चालवू नका, मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही.

वर शक्कर तलाव आणि काळापाणी तलावाकाठी गाडी चिखलात उतरवू नका, ती बाहेर काढताना फार वेळ जातो. परतीला दुपारी तीनपर्यंत घाट उतरायला लागा.

आधी सराव हवा असेल तर रामटेकच्या गडावरची वाट छोटी आणि चांगली आहे. तिथे दोनदा दुसऱ्या गिअरवर उतरून बघा, ब्रेकला किती कमी हात लावावा लागतो ते लगेच कळतं.