टेकड्यांमागचा सूर्यास्त टिपताना

मोकळ्या मैदानावर सूर्य पंचांगात दिलेल्या वेळेच्या आसपास मावळतो. टेकड्यांच्या मुलखात मात्र तो त्याआधीच डोंगराआड जातो, आणि नागपूरहून रामटेकला किंवा चिखलदऱ्याला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांची पहिली फसगत बहुधा इथेच होते. समोरची टेकडी आपल्यापेक्षा १०० मीटर उंच असेल आणि आपण तिच्यापासून २ किलोमीटरवर उभे असू, तर सूर्य सुमारे १२ मिनिटे आधी दिसेनासा होतो. वेळेचा अंदाज घेण्यासाठी हात समोर ताठ धरून मूठ वळावी. सूर्य आणि टेकडीचा माथा यांमध्ये एक मूठ मावत असेल, तर आपल्या भागात साधारण पाऊण तास उरला आहे असे समजावे.

वेळेपेक्षाही महत्त्वाची असते ती दिशा. नागपूरच्या अक्षांशावर जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, तर डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला. त्यामुळे हिवाळ्यात ज्या शिखरामागे सूर्य उतरताना पाहिला, तिथे उन्हाळ्यात तो सापडणार नाही. वेळही बदलते: नोव्हेंबरअखेर सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास, तर जूनअखेर सातच्या सुमारास होतो. सूर्याची दिशा दाखवणारे एखादे ॲप वापरून जागा आदल्या दिवशीच नकाशावर ठरवावी.

रामटेकला बहुतेक जण गडमंदिराच्या माथ्यावरून पश्चिमेकडे कॅमेरा रोखतात. तिथून खाली पसरलेले मैदान दिसते. दृश्य प्रसन्न असते, पण चित्रात टेकडी उरतच नाही, कारण आपण तिच्यावरच उभे असतो. टेकडी हवी असेल तर तिच्या पूर्वेला जावे. खिंडसी जलाशय त्याच बाजूस आहे आणि त्याच्या पलीकडच्या काठावरून टेकडीची काळी रेघ, तिच्यामागचे आकाश आणि पाण्यातले प्रतिबिंब असे तिन्ही एका चौकटीत घेता येते. पौर्णिमेच्या संध्याकाळी मात्र माथाच निवडावा, कारण पश्चिमेला सूर्य मावळत असतानाच पूर्वेला चंद्र उगवतो.

चिखलदरा सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तिथले खरे वैभव म्हणजे एकामागे एक उभ्या असलेल्या डोंगररांगा. प्रत्येक मागची रांग अधिक फिकट दिसते, कारण मधल्या हवेत प्रकाश विखुरला जातो. हा थरांचा परिणाम रुंद कोनाच्या लेन्सने हरवतो. २०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सने रांगा जवळ आल्यासारख्या दिसतात आणि सूर्यबिंबही मोठे येते. माझ्या मते डोंगराळ भागात आकाशाला एक तृतीयांशाहून अधिक जागा द्यावी ती केवळ ढग खरोखर देखणे असतील तेव्हाच.

ढगांसाठी पावसाळ्यातली उघडीप आणि त्यानंतरचा ऑक्टोबर यांना तोड नाही. पावसाने धुतलेल्या हवेत रंग उजळ दिसतात आणि उंचावरचे पातळ ढग सूर्य गेल्यानंतरही काही काळ पेटलेले राहतात. मे महिन्यातल्या धुळीने रंग मळकट होतात, पण तेव्हा बिंब मवाळ लाल दिसते आणि रांगांचे थर अधिक स्पष्ट होतात.

कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ आणि रॉ स्वरूप (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवावे. व्हाइट बॅलन्स (चित्राची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ‘डेलाइट’वर स्थिर करावा, ‘ऑटो’ ठेवल्यास कॅमेरा तोच केशरी रंग दोष समजून कमी करतो. एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) सूर्यावरून न मोजता त्याच्या बाजूच्या आकाशावरून मोजून तिथेच लॉक करावे. नंतर हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने दाखवलेल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंगाचा आलेख वेगळा पाहावा, कारण सूर्यास्तात तोच सर्वांत आधी उजव्या कडेला आदळतो, म्हणजे त्या रंगाचा तपशील जळून जातो, आणि एकत्रित आलेखात ते लक्षात येत नाही. तसे झाल्यास एक्स्पोजर पाऊण ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप उतरवणे म्हणजे उजेड निम्मा करणे) उतरवावे. सूर्य टेकडीच्या कडेला टेकताच ॲपर्चर एफ/१६ केल्यास किरणांचा तारा उमटतो. मोबाइल असेल तर लेन्स पुसून, आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करावे व उजेड खाली ओढावा.

लांब लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहण्याच्या काचेच्या खिडकीतून) सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मागच्या पडद्यावरच चौकट जुळवावी.

सूर्य गेला की लगेच आवरू नये. पुढची वीसएक मिनिटे आकाशाचा प्रकाश सौम्य होतो आणि टेकडीच्या उतारावरचा तपशील पुन्हा दिसू लागतो. या वेळी ट्रायपॉड लागतोच. लेन्सचे स्थिरीकरण बंद करून दोन सेकंदांच्या टायमरवर शटर सोडावे. परतीसाठी टॉर्च जवळ असावा, आणि मेळघाटच्या जंगलातून जाणारा रस्ता असेल तर वनविभागाच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात.

घरी रॉ फाइल उघडल्यावर रंग वाढवण्याचा मोह आवरावा. आधी सावल्या किंचित उचलाव्यात, मागच्या रांगांचा फिकटपणा तसाच राहू द्यावा, आणि धूसरपणा घालवणारे डीहेझचे साधन तर या चित्रांवर वापरूच नये, कारण रांगांमधले अंतर दाखवणारा तोच धूसरपणा असतो.