रोगप्रतिबंधावरच्या संशोधनाला सरकारी निधी: अर्ज लिहिण्याआधी पहाटे बाजारात जाऊन या

मी नवी मुंबईत पीएसएम, म्हणजे सामुदायिक आरोग्य आणि रोगप्रतिबंध हा विषय, शिकवते. मधुमेह, रक्तदाब टाळण्यावर संशोधन करायचं म्हणून तरुण डॉक्टर आयसीएमआरकडे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्र सरकारच्या परिषदेकडे, करायच्या अर्जाचा मसुदा दाखवायला आणतात. बहुतेकांची पहिली दोन पानं देशाच्या आकड्यांनी भरलेली असतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी प्रीडायबेटिक (मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे) हे आकडे आयसीएमआरच्याच पैशांतून मोजलेले आहेत. अर्ज तपासणाऱ्यांना ते पाठ असतात. एका वाक्यात उरका आणि प्रश्नावर या.

‘माथाडी कामगारांमधील रक्तदाबाचे प्रमाण’ हा विषय नको. प्रमाण कळून पुढे काय? त्याऐवजी विचारा: तुर्भ्याच्या एपीएमसीत (घाऊक बाजार समितीत) पहाटे जागेवरच तपासणी आणि गोळ्या दिल्या, तर दिवसाच्या ओपीडीपेक्षा जास्त लोक उपचारावर टिकतात का? रात्रभर गाड्या खाली करून माणूस कोपरखैरण्याला जाऊन झोपतो आणि आपलं आरोग्य केंद्र तेव्हाच उघडतं. या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी महापालिकेला त्यावरून वेळ ठरवता येते. निधी अशा प्रश्नाला मागावा.

पद्धतीत मात्र जराही सैल राहू नका. गोणी उतरवल्या उतरवल्या दंडाला कफ (रक्तदाब यंत्राचा पट्टा) बांधलात तर रीडिंग चढंच येणार. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, मग पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवायचं, दंड छातीच्या पातळीत, किमान दोन रीडिंग. त्यासाठीची खुर्ची गाळ्यात नेमकी कुठे ठेवणार, तेही लिहा. मोठ्या मापाचे कफ वेगळे मागा. भरदार दंडाला लहान कफ लावला की रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

शेवटपर्यंत 400 जण हवेत आणि 20 टक्के मधेच गळतील असं धरलंत, तर 480 नव्हे, 500 जण घ्यावे लागतात; 500 मधले 20 टक्के गेले की 400 उरतात. चैत्रात बरेच जण सातारा-सांगलीकडे जत्रेला जातात. फॉलोअप, म्हणजे पुढची तपासणी, तेव्हा ठेवू नका.

पैशांचं म्हणाल तर आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल (बाहेरच्या संशोधकांसाठीच्या) योजनेत स्मॉल ग्रँट 2 कोटींपर्यंत, त्यापुढे 8 कोटींपर्यंत इंटरमीडिएट. पहिला अर्ज स्मॉलचाच करा आणि यंत्रांपेक्षा फील्ड वर्करच्या पगारावर, त्यांच्या रात्रीच्या प्रवासावर खर्च दाखवा. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरचं दोन महिन्यांचं एसटीएस (छोट्या संशोधनासाठीची विद्यार्थीवृत्ती) आहे, 1979 पासून चालू. तिथून सुरुवात केलेली उत्तम.

गोळ्या किंवा समुपदेशन देऊन परिणाम बघणार असाल, तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी हवीच. एथिक्स कमिटी संमतीपत्र मराठीत मागेल आणि एक प्रश्न हमखास विचारेल: पहाटे चारला कुणाचा रक्तदाब 200 निघाला, तर त्याला कुठे नेणार? त्या रुग्णालयाचं पत्र आणि गाडीचा खर्च अर्जातच जोडा.