तोंडीलावणेच जेवण होते तेव्हा : नाशिकच्या स्वयंपाकघरातला पॅलिओ आहार

पॅलिओ आहाराचे, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखे खाण्याचे, नियम घेऊन नाशिककर बसला की पहिली गदा मिसळीवर येते. मटकी कडधान्य म्हणून बाद, फरसाण बेसनाचे म्हणून बाद, पाव मैद्याचा म्हणून बाद आणि सोबतचे दही दुधाचे म्हणून बाद. उरते ती तर्री आणि बारीक चिरलेला कांदा. या एका बशीत आहाराची सगळी चौकट समजते. धान्ये, डाळी, कडधान्ये, दूध व दुधाचे पदार्थ, साखर, रिफाइंड तेल आणि पाकीटबंद खाणे वगळायचे. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, कंद, सुका मेवा आणि तीळ-जवसासारख्या बिया खायच्या. शेंगदाणा बदामाच्या पंगतीत बसत असला तरी वनस्पतिशास्त्राप्रमाणे तो शेंगवर्गातला, म्हणून तोही वर्ज्य. आणि मराठी घरात भाकरीइतकीच अडचण या दाण्याच्या कुटावाचून होते, हे मी अनुभवाने सांगते.

यामागची कल्पना अशी, की शेती सुरू होऊन जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली, त्याआधी लाखो वर्षे माणूस शिकार करून आणि वेचून जगला, आणि आपले शरीर अजून त्याच अन्नाला सरावलेले आहे. १९८५ मध्ये बॉयड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी ही मांडणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात केली आणि तिला मोठा वाचकवर्ग मिळाला. अश्मयुगातला माणूस आपल्याला तसा परका नाही. नाशिकशेजारच्या गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात त्याची दगडी हत्यारे सापडली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी त्यांचा अभ्यास केला. तो रोज काय जेवत होता हे मात्र ते दगड सांगत नाहीत. उलट युरोपात सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या वाटण्याच्या दगडांवर पाणकणसासारख्या वनस्पतींच्या स्टार्चचे कण मिळाले आहेत, त्यामुळे पीठ हे माणसाला मुळातच परके आहे, हा दावा मला पटत नाही. माझ्या मते या आहाराचा खरा लाभ साखर, मैदा, फरसाण आणि बेकरीचे जिन्नस घराबाहेर जाण्यात आहे. धान्यबंदी पेलली तर उत्तमच, आणि नाही पेलली म्हणून बाकीचे सोडून देण्याचे कारण नाही.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोळी-भात एकदम बंद करू नये, कारण औषधाची मात्रा तीच राहून पिष्टमय अन्न घटले की रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे. वाढत्या वयाच्या मुलांवर हा प्रयोग करूच नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्या जेवणात भाकरी किंवा भात हे जेवण असते आणि भाजी हे तोंडीलावणे. या आहारात हे नाते उलटते, आणि ते उलटल्याचे भान न ठेवल्यामुळेच बहुतेकांचा आहार चौथ्या-पाचव्या दिवशी मोडतो. वाटीभर भाजी पूर्वीसारखीच वाढली, भाकरी काढून घेतली, की दुपारी चार वाजता पोटात कावळे कोकलतात आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम भाजी लागत असेल तर आता एका जेवणाला तीनशे ग्रॅमच्या आसपास धरावी. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: आपली भाजी भाकरीबरोबर खाण्यासाठी बेतलेली असते, म्हणून तिच्यात मीठ, तिखट आणि तेल सढळ असते. तीच भाजी ताटभर खाल्ली तर जीभ पोळते आणि दिवसभराचे मीठ एका बैठकीत पोटात जाते. मीठ आणि मसाला साधारण एक तृतीयांशाने कमी करावा. पहिले दोन दिवस बेचव वाटते, नंतर गवारीला गवारीची चव असते हे आठवते. गवार, वाल, मटार या कोवळ्या शेंगा कठोर नियमाने वर्ज्य आहेत, पण हिरव्या शेंगेला बहुतेक जण सूट देतात आणि मीही देते.

बदल टप्प्याटप्प्याने करावा. पहिल्या आठवड्यात धान्याला हात न लावता फक्त विकतचे पदार्थ बंद करावेत: बिस्किटे, खारी, टोस्ट, फरसाण, वेफर्स, सॉस, सरबतांच्या बाटल्या आणि चहातली साखर. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचे जेवण धान्याविना करावे, कारण त्या वेळी घरी असल्याने स्वयंपाक आपल्या हातात असतो, तिसऱ्यात दुपारचेही. दूध सर्वांत शेवटी सोडावे. चहा सोडण्याचा आग्रह मी धरत नाही. कोरा, आले-गवती चहा घातलेला प्यायची सवय पंधरा दिवसांत लागते. मीठ पूर्ण वगळा असे काही जण सांगतात, तेही मी मानत नाही. पॅलिओच्या नावाखाली सैंधव वापरणाऱ्यांनी त्यात सहसा आयोडीन मिसळलेले नसते हे ध्यानात घ्यावे. दूध बंद केल्यावर आयोडीनचा आणखी एक मार्ग बंद होतो, म्हणून साधे आयोडीनयुक्त मीठच बरे.

भाजीच्या बाबतीत नाशिककरासारखा भाग्यवान कोणी नाही. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, भरणाऱ्या बाजारात आठवड्याची खरेदी एका फेरीत होते. पावसाळ्यात पेठ, हरसूल, त्र्यंबक या पट्ट्यांतून आदिवासी बाया रानभाज्या घेऊन येतात, तेव्हा करटोली, टाकळा, कुर्डू, फोडशी, बांबूचे कोंब जे मिळेल ते घ्यावे, कारण शेतीच्या आधीच्या अन्नाशी आपले उरलेले नाते बहुधा एवढेच आहे. विकणारीलाच कृती विचारावी. मी एकदा न विचारता शेवळे आणली, काकडाची फळे न घालता भाजी केली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे घसे खाजत होते. काकडे नसतील तर चिंच किंवा आमसूल भरपूर घालावे. उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षे, मे-जूनमध्ये करवंदे आणि जांभळे, पुढे सीताफळ, पेरू, डाळिंब असा फळांचा क्रम असतोच. मनुके मात्र मूठभर खाण्याचा पदार्थ नव्हे. ती वाळवलेली साखरच आहे, आठ-दहा पुरेत.

स्वयंपाकाचा पाया म्हणजे भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचे वाटण. विलायती पाककृतींत रस्सा दाट करायला पीठ लागते आणि मग पॅलिओवाले त्याला बदामाचे पीठ वगैरे पर्याय शोधत बसतात. आपल्या काळ्या रश्श्याला पीठ कधी लागतच नव्हते. अर्धा किलो कोंबडीसाठी दोन मध्यम कांदे सालासकट थेट आचेवर ठेवावेत आणि साल कोळशासारखी होऊन कांदा दाबल्यावर मऊ लागेपर्यंत फिरवत राहावे. सुक्या खोबऱ्याची पाव वाटी चिमट्यात धरून जाळावर धरावी. खोबरे तेलकट असल्याने भप्पकन पेट घेते, तेव्हा घाबरून टाकून न देता फुंकर मारून विझवावे आणि करपलेला थर सुरीने खरवडावा. कांद्याची जळकी साल काढून, आठ-दहा लसूण पाकळ्या, इंचभर आले, मूठभर कोथिंबीर आणि दोन चमचे काळा मसाला घालून गरम पाण्यात गुळगुळीत वाटावे. दोन मोठे चमचे तेलात हे वाटण मंद आचेवर परतत राहिले की दहा मिनिटांनी कडेने तेल सुटू लागते, रंग तपकिरीवरून काळपट होतो आणि कच्च्या लसणाचा वास जाऊन भाजलेल्या खोबऱ्याचा वास येतो. तोपर्यंत कोंबडी घालू नये. हळद-मीठ लावलेले तुकडे त्यात पाच मिनिटे परतून वरून उकळते पाणी ओतावे. गार पाणी घातले तर तर्री नीट येत नाही. ब्रॉयलर कोंबडी पाऊण तासाच्या आत शिजते, गावरान असेल तर कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या लागतात.

भाकरी नसताना हा रस्सा कशाशी खायचा, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर सुरण. साल काढून मोठ्या फोडी कराव्यात, चिंचेच्या पाण्यात उकडून ते पाणी फेकावे आणि फोडी रश्श्यात दहा मिनिटे मुरू द्याव्यात. त्या रस्सा शोषून घेतात आणि चावायला काहीतरी लागते ती गरज भागवतात. उकडलेले रताळेही चालते. बटाट्याबाबत या आहाराच्या लोकांत एकमत नाही. वजन कमी करायचे असेल तर टाळावा, नाहीतर सालासकट उकडून खायला हरकत नाही. किसलेल्या फ्लॉवरचा भात हा प्रकार कोरड्या तव्यावर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे परतला तरच खाण्यालायक होतो. झाकण ठेवले की लगदा.

पाहुणे आले तर भरीत करावे. खानदेशी पद्धतीचे पांढरट-हिरवे भरताचे वांगे नाशिकच्या बाजारात हिवाळ्यात मिळते. तेल लावून, टोचे मारून ते भाजावे, देठाजवळ सुरी अलगद शिरली की उतरवावे, आणि हिरवी मिरची-लसूण तेलात परतून कांद्याच्या पातीसह कालवावे. दाणे तेवढे वगळावेत.

कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाऐवजी भाजलेल्या तिळाचे किंवा खुरासणीचे, म्हणजे कारळ्याचे, कूट घालावे आणि दह्याच्या जागी लिंबू पिळावे. खुरासणी किंचित कडसर असते, म्हणून काकडीपेक्षा गाजर-बिटाला ती शोभते. तिळाचा दुसरा फायदा कॅल्शियमचा आहे. दूध बंद केल्यावर तीळ, शेवग्याचा पाला आणि काट्यांसकट खाता येणारी लहान मासळी यांतून ती भरपाई करावी लागते. फोडणीच्या हिंगाकडेही पाहावे. बाजारातल्या बहुतेक हिंगाच्या डबीत हिंग थोडा आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ बरेच असते. मी दोन महिने मोठ्या निष्ठेने गहू टाळला आणि रोज फोडणीत चिमूटभर मैदा टाकत होते, हे डबीवरची बारीक अक्षरे वाचल्यावर कळले. चिमटीने निरोगी माणसाचे नुकसान होत नाही, पण गव्हाची खरी ॲलर्जी किंवा ग्लुटेनचा त्रास असणाऱ्याने डबीवरचे घटक वाचून पीठ न मिसळलेला शुद्ध हिंगच आणावा.

तेलाचे म्हणाल तर शेंगदाण्याचे आणि रिफाइंड दोन्ही बाजूला ठेवून लाकडी घाण्याचे खोबरेल वापरावे. तूप दुधाचे असले तरी कढवताना त्यातली प्रथिने बेरीत निघून जातात, म्हणून बरेच जण ते चालवतात. माझ्या घरी ते चालते.

प्रथिनांचा हिशेब एकदा कागदावर करावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास आणि शंभर ग्रॅम कोंबडीत वीसच्या आसपास असतात. दोन अंडी आणि दीडशे ग्रॅम कोंबडी किंवा मासळी झाली की बराचसा हिशेब जुळतो, उरलेले सुक्या मेव्यातून आणि बियांतून येते. शाकाहारी माणसाचा हिशेब मात्र असा जुळत नाही. डाळ नाही, दूध नाही, अंडे नाही, तर उरलेल्या बदाम-तिळांवर ५० ग्रॅम गाठणे खिशाला आणि पोटाला दोन्हींना जड जाते, शिवाय बी-१२ चा प्रश्न वेगळाच. अशांनी पॅलिओ हे नाव सोडून द्यावे, मूग-मटकी भिजवून मोड आणून खावी, दही ठेवावे आणि एक वेळ नागलीची (नाचणीची) भाकरी खावी. नागलीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ते फुकट घालवू नये.

उपवासाच्या दिवशी वाटते तितकी सोय होत नाही. धान्य न खाण्याचा सराव आपल्याला आहे, पण भगर हे खरे पाहता तृणधान्यच, राजगिरा हेही धान्यासारखेच खाल्ले जाणारे पिष्टमय बी, आणि साबुदाणा कंदापासून झाला तरी निव्वळ पांढरा स्टार्च, वरून दाण्याचे कूट. त्या दिवशी रताळ्याचा कीस खोबरे आणि जिरे-मिरची घालून करावा, उकडलेले शिंगाडे मिळाले तर घ्यावेत.

घरातल्या इतरांसाठी वेगळा स्वयंपाक करू नये, नाहीतर महिन्याभरात करणारी व्यक्तीच कंटाळते. वाटण रविवारी दुप्पट करून काचेच्या बरणीत ठेवले तर फ्रिजमध्ये चार दिवस टिकते आणि कोंबडी, अंडी, वांगी, दोडके सगळ्यांना चालते. आमच्याकडे रस्सा एकाच पातेल्यात होतो. सासूबाई त्यात बाजरीची भाकरी कुस्करतात, मी सुरणाच्या फोडी घालते, आणि पातेले दोघींपुरते मोठे घ्यावे लागते एवढाच काय तो फरक पडला आहे.