गावातल्या वीरगळांची कार्यशाळा कशी घ्यावी

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीत उभारलेला कोरीव दगड. कार्यशाळेसाठी सकाळी सात ते नऊ ही वेळ ठेवा. तिरप्या उन्हात झिजलेले कोरीवकामही उठून दिसते. दुपारी तोच दगड सपाट वाटतो. वीसेक माणसे पुरेत, एका दगडापाशी चार-पाच. प्रत्येक गटाला मोजपट्टी, मऊ ब्रश, साधे पाणी, वही आणि मोबाइल द्या.

आधी वाचन शिकवा. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्यात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्यात शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. गायी दिसल्या तर गोधन राखताना आलेले मरण असू शकते. बोरिवलीजवळच्या एकसरला तर चक्क नौकायुद्ध कोरले आहे! कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या आठवणीचा दगड.

मग नोंद: उंची, रुंदी, जाडी, तोंडाची दिशा, चौकटींची संख्या. फोटो समोरून, शेजारी मोजपट्टी उभी धरून. नंतर प्रत्येक चौकटीचा वेगळा.

हमखास चूक होते ती सफाईत. तारेचा ब्रश, ॲसिड, तेल, खडू यांतले काहीही नको. कोरीवकाम झिजते, डाग कायमचे बसतात. शेंदूर असेल तर खरवडू नका, ती लोकांची श्रद्धा आहे. दगड हलवूही नका, जागा बदलली की त्याचा संदर्भच तुटतो. दगड संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल तर पुरातत्त्व विभागाची परवानगी आधीच घ्या.

शेवटचा अर्धा तास गावातल्या वृद्धांचा. दगडाचे स्थानिक नाव आणि त्याची कथा त्यांच्याच शब्दांत, त्यांना विचारून रेकॉर्ड करा.