गाडीसाठी इंजिन ऑइलची योग्य ग्रेड कशी निवडावी

ऑइल बदलण्याची वेळ आली की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "आपल्याकडचा उन्हाळा कडक आहे, कंपनीचे पातळ ऑइल इथे टिकत नाही, थोडे जाड टाकू." नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे तर हा सल्ला कोणालाही पटावा असाच वाटतो. देणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो. परंतु ऑइलचा घट्टपणा बाहेरच्या हवेवरून ठरवण्याची ही पद्धत गेल्या पंधरा-वीस वर्षांत बाजारात आलेल्या बहुतेक इंजिनांना लागू पडत नाही, आणि त्यातून होणारे नुकसान लगेच दिसत नसल्यामुळे ती चूक वर्षानुवर्षे चालू राहते.

निवड करण्याआधी डब्यावरचा आकडा नीट वाचता आला पाहिजे. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये ऑइलचे घट्टपणानुसार वर्गीकरण प्रथम प्रसिद्ध केले. आज तेच मानक जे-३०० या नावाने जगभर वापरले जाते. ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधील पहिला भाग हिवाळ्याचा (डब्ल्यू म्हणजे विंटर), म्हणजे थंड इंजिन सुरू करतानाचा आहे. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला, १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांना घेतली जाते, तर ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. दुसरा आकडा गरम इंजिनाचा. ऑइल १०० अंशांना तापवून त्याचा घट्टपणा मोजतात, तो ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकमध्ये (हे घट्टपणाचे एकक) आला तर ग्रेड २०, ९.३ ते १२.५ मध्ये आला तर ३०, आणि १२.५ ते १६.३ मध्ये आला तर ४०.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो असा की ५डब्ल्यू-३० हे ऑइल थंड असताना "पाच" इतके पातळ असते आणि तापल्यावर "तीस" इतके जाड होते. कोणतेही इंजिन ऑइल तापल्यावर जाड होत नाही. नेहमीच्या ५डब्ल्यू-३० ऑइलचा घट्टपणा ४० अंशांना साधारण ६० ते ६५ सेंटिस्टोक असतो आणि १०० अंशांना तो १०-११ वर उतरतो. १५डब्ल्यू-४० चा ४० अंशांना १०५ ते ११० असतो आणि १०० अंशांना १४ च्या आसपास येतो. दोन्ही ऑइले पातळच होतात. किती पातळ होतात, एवढाच प्रश्न असतो. ऑइल तपासणारे मिस्त्री डिपस्टिकवरचा, म्हणजे पातळी मोजण्याच्या पट्टीवरचा, थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून "यात दम राहिला नाही" असे सांगतात तेव्हा तो थेंब हाताच्या तापमानाला असतो. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगमध्ये तेच ऑइल शंभर अंशांवर, काही ठिकाणी त्याहून बरेच वर, काम करत असते. बोटांना लागणाऱ्या चिकटपणावरून तिथली स्थिती कळत नाही, आणि काळ्या रंगावरून तर मुळीच नाही.

आता उन्हाळ्याचा प्रश्न. इंजिनातील थर्मोस्टॅट कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो, मग बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की अकोल्याचे ऊन. बाहेरचे तापमान २५ वरून ४५ वर गेले म्हणून आतल्या ऑइलचे तापमानही तेवढ्याच २० अंशांनी चढत नाही. ऑइल खरोखर तापते ते भाराने: पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन आंबेनळी घाट खालच्या गिअरमध्ये चढताना, द्रुतगती मार्गावर बराच वेळ वेगात राहताना, किंवा मागे ट्रेलर ओढताना. म्हणून "माझ्या गावात ऊन किती" यापेक्षा "माझी गाडी काय काम करते" हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

गरजेपेक्षा जाड ऑइलाचे तोटे समजून घेणे आवश्यक आहे, कारण जाड म्हणजे जास्त सुरक्षित ही समजूत त्याशिवाय सुटत नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांश इतकीच फट असते. फिरणारा शाफ्ट ऑइल ओढून घेतो आणि त्याच्या पातळ थरावर तरंगत राहतो. त्या फटीच्या मानाने ऑइल फार पातळ असेल तर थर तुटतो आणि धातूला धातू घासतो, हे सर्वांना माहीत असते. उलट ऑइल फार जाड असेल तर सकाळी इंजिन सुरू केल्यावर ते वरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचते, पंपावरचा दाब वाढून जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग बेअरिंगकडे न जाता परत फिरतो. दाब जास्त असला म्हणजे प्रवाह जास्त असतोच असे नाही. ज्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आणि हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे भाग) ऑइलच्याच दाबावर चालतात, त्यांच्या बारीक मार्गांतून जाड ऑइल हवे तेव्हा हवे तिथे पोहोचत नाही. शिवाय इंधन जास्त लागते. पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात २०डब्ल्यू-४० योग्य होते, कारण ती इंजिने त्याच ऑइलासाठी बांधलेली होती.

यावर एक रास्त शंका घेतली जाते: कंपन्या पातळ ऑइल केवळ सरकारी मायलेजच्या नियमांसाठी सुचवतात का? शंकेत तथ्य आहे. भारतात २०१७ पासून गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर मर्यादा आली, २०२२-२३ पासून ती अधिक कडक झाली, आणि पातळ ऑइलाने इंधन वाचते हे खरेच आहे. काही इंजिनांच्या बाबतीत दुसऱ्या देशातील पुस्तिका त्याच इंजिनासाठी एक पायरी जाड ग्रेडही चालेल असे सांगते. तरीही ०डब्ल्यू-२० साठी बांधलेल्या इंजिनाचा पंप, बेअरिंग आणि ऑइलचे मार्ग त्या ऑइलासाठीच आखलेले असतात, आणि ते गृहीत धरूनच त्याच्या चाचण्या झालेल्या असतात. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या गाडीच्या पुस्तिकेत फक्त एकच ग्रेड दिली असेल तर तीच वापरावी. अनेक ग्रेड दिल्या असतील तरच निवडीचा प्रश्न येतो.

म्हणून पहिले काम म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असलेली मालकासाठीची पुस्तिका काढणे आणि देखभालीच्या किंवा तांत्रिक माहितीच्या प्रकरणात इंजिन ऑइलचे पान उघडणे. त्याच मॉडेलमध्ये पेट्रोल आणि डिझेल अशी दोन इंजिने असतील तर आपली ओळ कोणती ते नीट पाहावे. ही चूक सहज होते. तिथे तीन गोष्टी असतात: घट्टपणाची ग्रेड, गुणवत्तेचे मानक, आणि फिल्टरसह लागणारे ऑइल किती लिटर. बऱ्याच गाड्यांत ऑइल भरण्याच्या झाकणावरही ग्रेड छापलेली असते. पुस्तिका हरवली असल्यास बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते.

अनेक पुस्तिकांत तापमानाचा आडवा तक्ता असतो आणि त्यावर प्रत्येक ग्रेडची पट्टी कोणत्या तापमानापासून कुठपर्यंत चालते ते दाखवलेले असते. महाराष्ट्रात आणि गोव्यात डावीकडचा, म्हणजे थंडीचा भाग जवळजवळ निरुपयोगी आहे. निफाडला पारा शून्याजवळ गेला तरी १५डब्ल्यूच्या मर्यादेपासून तो दूरच असतो. असे असूनही, तक्त्यात ५डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४० दोन्ही असतील तर पुणे-मुंबईत रोज चार-पाच किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीसाठी मी ५डब्ल्यूच निवडेन, कारण अशा गाडीचे इंजिन बहुतांश वेळ अर्धवट गरम असते आणि वीस-पंचवीस अंशांनाही ५डब्ल्यू-३० हे १५डब्ल्यू-४० च्या सुमारे निम्मेच घट्ट असते. नेहमी पूर्ण भाराने घाट चढणाऱ्या किंवा लांब पल्ल्याच्या भाड्याने धावणाऱ्या गाडीसाठी मात्र तक्त्यात परवानगी असलेली ४० ची ग्रेड घेण्यात शहाणपण आहे. हिवाळ्यात लेहला जाणाऱ्यांनी ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू भरूनच निघावे. कॅनडाच्या प्रेअरी भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ०डब्ल्यूखेरीज पर्याय धरूच नये, कारण तिथे उणे ३० अंश ही नित्याची गोष्ट आहे.

टर्बो डिझेलवाल्यांनी आणखी एक आकडा पाहावा, जो डब्याच्या पुढच्या बाजूला सहसा नसतो. १५० अंशांना आणि प्रचंड घर्षणाखाली ऑइल किती घट्ट राहते हे एचटीएचएस या मापाने सांगतात. ग्रेड ३० साठी ते किमान २.९ असावे लागते, पण एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या मानकांतील सी-३ प्रकाराला किमान ३.५ लागते. परिणामी दोन डब्यांवर ५डब्ल्यू-३० हीच ग्रेड असूनही एक ऑइल दुसऱ्यापेक्षा बेअरिंगमध्ये लक्षणीय जाड थर देते. पुस्तिकेत सी-३ लिहिले असेल तर नुसती ग्रेड जुळवून भागणार नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यासाठी कमी राख सोडणारे ऑइल लागते, आणि चुकीच्या ऑइलाने तो महागडा भाग हळूहळू चोंदतो. याच गाड्यांत डीपीएफ स्वतःला साफ करताना थोडे डिझेल ऑइलात उतरू शकते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ते ऑइल पातळ झाल्याचे लक्षण आहे आणि ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता ते बदलावे.

जुने इंजिन ऑइल खाऊ लागले की थेट २०डब्ल्यू-५० टाकण्याची पद्धत आहे. त्याने खप काही दिवस कमी दिसतो, पण कारण तसेच राहते. आधी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी पाहावी, किलोमीटर लिहून ठेवावेत आणि हजार किलोमीटरला किती ऑइल घटते ते मोजावे. गळती, व्हॉल्व्हचे सील, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारे वायू बाहेर काढणारी झडप), टर्बोचे सील आणि शेवटी पिस्टन रिंग या क्रमाने तपासून घ्यावे, कारण यातील काही दुरुस्त्या स्वस्त असतात. त्यानंतरही जाड ऑइल हवेच असेल तर पुस्तिकेत परवानगी असलेल्या ग्रेडपर्यंत, आणि एका वेळी एकच पायरी वर जावे: ५डब्ल्यू-३० वरून ५डब्ल्यू-४०, त्याहून पुढे नाही.

घरात दुचाकी असल्यास कारचे उरलेले ऑइल तिच्यात ओतू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि कारच्या पातळ, घर्षण कमी करणाऱ्या ऑइलाने तो घसरू शकतो. तिच्यासाठी अशा ओल्या क्लचला चालणारे, जासो एमए या जपानी मानकाचे ऑइल असते.

खरेदी करताना सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा. गॅरेजमध्ये पिंपातून ऑइल भरत असतील तर ग्रेड आणि मानक दोन्ही बिलावर लिहून मागावे. नुसते "इंजिन ऑइल, साडेतीन लिटर" अशा नोंदीचा वॉरंटीच्या वेळी काहीही उपयोग होत नाही. भरून झाल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे, ऑइल खाली उतरू द्यावे आणि पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये, वरच्या खुणेच्या जवळ पण तिच्या खाली आहे याची खात्री करावी. प्रवासात पातळी खालच्या खुणेखाली गेली आणि नेमकी ग्रेड मिळत नसेल तर त्याच प्रकारचे, जवळच्या ग्रेडचे ऑइल टाकून गाडी पुढे न्यावी, कारण कमी ऑइलावर धावणे हे थोड्या वेगळ्या ऑइलावर धावण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. डीपीएफ असलेल्या गाडीत असे करावे लागले तर परतल्यावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्यावेत.